साडेदहाची मीटिंग आणि भागाकाराचा तास

पत्र:

ताई, आम्ही पुण्यात कर्वेनगरला राहतो. जूनपासून मोठ्याला (वय 9, यंदा चौथीत गेला असता) शाळेत न पाठवता घरीच शिकवायचं ठरवलं. धाकटी 5 वर्षांची आहे, तिलाही अजून शाळेत घातलेलं नाही. मी घरूनच अकाउंट्सचं काम करते, रोज साडेदहा ते साडेअकरा मीटिंग असते आणि दुपारी दोन-अडीच तास काम. मिस्टर हिंजवडीला, घरी यायला सात-साडेसात होतात आणि जेवणानंतर परत कॉल. सासूबाई आमच्याकडेच असतात. मी भरपूर व्हिडिओ बघून टाइमटेबल केलं, सकाळी 8 ते 1, चाळीस-चाळीस मिनिटांचे पिरियड, कलर प्रिंट काढून लॅमिनेट करून हॉलमध्ये लावलं. तीन आठवड्यांत सगळं कोलमडलं. आठला मोठा उठलेलाच नसतो, गणित म्हटलं की रडारड, त्याला घेऊन बसलं की धाकटी मध्ये येऊन वह्या ओढते, मी मीटिंगला गेले की दोघं टॅबवर. सासूबाई म्हणतात यापेक्षा शाळा बरी होती. रात्री अंथरुणावर पडले की वाटतं आज काहीच झालं नाही. प्लीज मला एक नीट चालेल असं टाइमटेबल करून द्या. तुम्ही मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.
– एक आई, कर्वेनगर

उत्तर:

अगं, तयार टाइमटेबल मी तुला देणार नाहीये आणि तू तेच मागितलंयस त्यामुळे हे वाचून जरा राग आला तरी मी समजू शकते. पण तू ज्या व्हिडिओंवरून टाइमटेबल केलंस ते पण कुणाच्या तरी घरात चालणारंच असणार, खोटं नसणार, फक्त त्या घरात साडेदहाची मीटिंग नव्हती, पाच वर्षांची धाकटी नव्हती, देवपूजा करणाऱ्या सासूबाई नव्हत्या, आणि तिथला मुलगा कदाचित सहाला टुणकन उठणारा होता. माझं केलेलं टाइमटेबल तुझ्या भिंतीवर लावलंस तर त्याचंही तीन आठवड्यांत हेच होईल. तुझ्या पत्रात तुझ्या घराची इतकी माहिती आहे की तुझं टाइमटेबल त्यातूनच निघेल, ते कसं काढायचं ते आपण बघू.

आधी त्या चाळीस मिनिटांचं बोलूया कारण सगळी गडबड तिथून सुरू झालीये. चाळीस मिनिटांचा पिरियड शाळेला लागतो कारण वर्गात तीस-चाळीस मुलं असतात आणि एक बाई असतात. हजेरी, वह्या काढा, मागच्या बाकावरचं भांडण, फळ्यावरचं सगळ्यांचं उतरवून होईपर्यंत थांबणं, कुणाला समजलं नाही म्हणून परत सांगणं, हे सगळं त्या चाळीस मिनिटांत बसवायचं असतं. तुझ्यासमोर एकच मुलगा बसलाय. त्याला भागाकाराची एक पायरी समजावून, चार गणितं तुझ्यासमोर सोडवून घेऊन, चुकलं तिथे परत एकदा दाखवून हे वीस-पंचवीस मिनिटांत होतं, आणि त्यानंतर तू त्याला जे आणखी पंधरा मिनिटं बसवतेस ना फक्त पिरियड संपला नाही म्हणून, ती रडारड तिथली असण्याची शक्यता जास्त आहे. नऊ वर्षांच्या मुलाचं रोज समोरासमोर बसून शिकणं तास-सव्वा तासाचं झालं तरी मला ते पुरेसं वाटतं, पाच वर्षांच्या मुलीचं तर वीस मिनिटांचं. बाकीचा दिवस रिकामा नसतो, तिकडे आपण येतोच.

आता पहिला आठवडा. या आठवड्यात काहीही शिकवायचं नाही. खरंच नाही. एक दोनशे पानी वही घे आणि फक्त बघ आणि लिही. कोण किती वाजता आपणहून उठलं, उठल्यावर बोलायला लागायला किती वेळ लागतो (काही मुलांना पाऊण तास लागतो गं, त्यांना उठल्या उठल्या पाढे विचारले की दिवसाची सुरुवातच वाईट होते), भूक कधी लागते, भांडणं कधी होतात, मोठा प्रश्न कधी विचारतो, धाकटी एकटी शांत कधी खेळते, तुझा आवाज कधी चढतो. हे शेवटचं पण प्रामाणिकपणे लिही, वही दुसऱ्या कुणाला दाखवायची नाहीये.

मी हे केलं होतं तेव्हा आम्ही धायरीला राहायचो. मुलगा दहाचा होता, मुलगी सातची. मी संध्याकाळी चार ते पाच इंग्रजी ठेवलं होतं कारण मला तेव्हा वेळ असायचा, आणि रोज त्या तासाला आमच्याकडे आरडाओरडा ठरलेला. वही लिहायला लागले तेव्हा दिसलं की मुलगा साडेबाराला जेवतो आणि चारला त्याला कडकडून भूक लागलेली असते, ती त्याला स्वतःला कळत नाही, तो फक्त चिडतो. चारला थालीपीठ किंवा दूध-पोहे द्यायला लागले आणि इंग्रजी रात्री अंथरुणात वाचण्यावर नेलं, बाकी काही बदललं नाही, पुस्तक तेच, मी तीच. महिनाभर मी त्याला इंग्रजी आवडत नाही असं धरून चालले होते आणि त्याला ते ऐकवलं पण होतं, याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून तुला सांगते, गणित आवडत नाही असा शिक्का मोठ्यावर मारायच्या आधी ते किती वाजता होतंय आणि पोटात काय आहे ते बघ.

वहीत आठवडाभर लिहिलंस की तुला खुंट्या दिसायला लागतील. मी खुंट्या म्हणते कारण त्यावर बाकीचं टांगायचं असतं. तुझ्या घरात रोज न चुकता होणाऱ्या गोष्टी कुठल्या? नाश्ता. सासूबाईंची पूजा. साडेदहाची मीटिंग. दुपारचं जेवण. तुझं दुपारचं काम. संध्याकाळी दिवा लावणं. मिस्टरांचं घरी येणं. या गोष्टी टाइमटेबल असो नसो होतातच, त्यांच्यासाठी कुणाला ओरडावं लागत नाही. तर अभ्यास घड्याळाला न बांधता या खुंट्यांना बांधायचा. "नऊ वाजून दहा मिनिटांनी गणित" असं न लिहिता "नाश्त्याच्या बश्या उचलल्या की गणित". फरक छोटा वाटेल पण बघ, घड्याळाप्रमाणे दहा मिनिटं उशीर झाला की तू हरलीस असं वाटतं आणि पुढचे सगळे पिरियड घसरतात, बश्यांप्रमाणे गेलीस तर पोहे नऊला झाले काय आणि साडेनऊला झाले काय, त्यानंतर गणित येतं ते येतंच. आणि पाच वर्षांच्या मुलीला घड्याळ कळत नाही पण फोडणीचा वास बरोब्बर कळतो. गुरुवारी पाणी बंद असलं की बुधवारी रात्री भांडी-बादल्या भरणं आणि गुरुवारची सकाळ विस्कटणं हे तुझ्याकडेही होत असणार, तर गुरुवारची खुंटी वेगळी ठेव, त्या दिवशी फक्त वाचन ठेवलंस तरी काही बिघडत नाही.

आता तुझ्या घरापुरतं मला जे दिसतंय ते सांगते, पण हे वहीत पडताळून बघ.

नाश्ता झाल्यापासून मीटिंगला बसेपर्यंतचा वेळ हा तुझ्या दिवसाचा सगळ्यात चांगला वेळ आहे. तू फ्रेश असतेस, पोट भरलेलं असतं, ऑफिसचा फोन सुरू झालेला नसतो. हा सव्वा तास तू आत्ता कशात घालवतेस? मोठ्याला उठवण्यात आणि आठच्या पिरियडची भरपाई करण्यात. तर आठचा पिरियड काढूनच टाक. त्याला साडेआठपर्यंत उठू दे, शाळेची रिक्षा यायची नाहीये, घरी शिकण्यात जे थोडे सुखाचे फायदे आहेत त्यातला हा एक आहे, तो घे.

आणि या सव्वा तासात आधी धाकटीला घे. मला माहितीये तुला हे उलटं वाटेल, मोठ्याचा अभ्यास महत्त्वाचा आणि ती काय पाचच वर्षांची. पण ती वह्या का ओढते? भावाला सोडून माझ्याकडे बघ म्हणून. पहिली पंधरा-वीस मिनिटं पूर्ण तिची, मांडीवर घेऊन गोष्ट, एखादं अक्षर तांदळात किंवा रव्यात बोटाने गिरवणं, शेंगदाणे मोजून वाटीत टाकणं, एवढंच. तेवढ्यात मोठ्याला आंघोळ उरकायला सांग. तिचं मन भरलं की ती आपली आपण उठते आणि भातुकली घेऊन बसते, रोज नाही पण पाचातले तीन दिवस तरी बसते, आणि तीन दिवस मिळाले तर खूप झालं. मग मोठ्याचं पंचवीस मिनिटं गणित, मध्ये पाणी, मग पंधरा-वीस मिनिटं मराठी, एक दिवस मोठ्याने वाचन, एक दिवस लिखाण. संपलं. पाठ्यपुस्तकं बालभारतीची वापरत असशील तर ई-बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट मिळतात, सगळी छापून काढू नकोस, लागतील तेवढीच पानं काढ.

भागाकाराचं एक. तू लिहिलंयस रडारड, पण कशावर अडतो ते लिहिलं नाहीस. माझा अंदाज आहे की भाग लावायला त्याला पाढा पटकन आठवत नाही आणि तो पाढा आठवण्यातच इतका दमतो की पुढची वजाबाकी करताना पहिलं विसरतो. तर महिनाभर पाढ्यांचा तक्ता समोर ठेवून भागाकार करू दे. त्याला बघू दे. ती चोरी नाहीये. पाढे वेगळे, चालताना, जिना उतरताना, टेकडीवर जाताना म्हणून घे. आणि आधी वस्तूंनी वाटू दे, 47 शेंगदाणे, 6 वाट्या, प्रत्येकीत किती आणि उरले किती, उरलेले खायचे. बाकी म्हणजे काय हे त्याला आयुष्यात परत सांगावं लागणार नाही.

आता मीटिंग. इथे आपण सासूबाईंशी बोलूया, आणि मी हे जरा जास्त लिहिणार आहे कारण मला वाटतं तुझ्या घरातली निम्मी गाठ इथे आहे. त्या म्हणतात शाळा बरी होती. त्यांना काय दिसतंय त्याचा विचार कर, सून लॅपटॉपवर, नातवंडं टॅबवर, सकाळचे अकरा वाजलेत. त्यांच्या जागी मी असते तर मी पण तेच म्हटलं असतं. आणि तू बहुतेक त्यांना सांगतेस "आई, जरा तासभर यांच्याकडे बघा". बघणं हे फार कंटाळवाणं काम आहे गं, आणि त्यात अधिकार काहीच नसतो, जबाबदारी सगळी. त्याऐवजी त्यांना एक विषय पूर्ण दे. त्यात तू ढवळाढवळ करायची नाही.

घरात आजीकडून शिकायचं इतकं असतं. भाजी निवडताना धाकटी मेथीची पानं वेगळी करेल, बोटांना तेवढंच वळण लागतं जेवढं अक्षर गिरवून लागतं. वाती वळणं, ठिपक्यांची रांगोळी (चार ते चार ठिपके, मग सात ते एक, यात मोठ्याला आकडेमोड पण सापडेल), काचाकवड्या, सागरगोटे. मोठ्याकडे दुधाचा हिशोब द्या, कॅलेंडरवर रोज किती लिटर ते तो लिहील, महिनाअखेरीला दशांशाचा गुणाकार करून आजीला सांगेल, आणि आजी तपासतील. बऱ्याच आज्यांचा तोंडी हिशोब आपल्या कॅल्क्युलेटरपेक्षा पुढे असतो, दीडकी-अडीचकी (म्हणजे दीडाचा, अडीचचा पाढा) येत असेल तर त्यांच्याकडून ती शिकून घ्या सगळ्यांनीच.

आणि गोष्टी. सासूबाई पुण्याच्याच असतील तर त्यांना पानशेतच्या पुराबद्दल विचारायला मोठ्याला सांग. 12 जुलै 1961. त्या तेव्हा लहान असतील किंवा जन्मल्या पण नसतील, पण पुण्यातल्या जुन्या घरांत ती गोष्ट ऐकलेली असतेच, कुणाच्या घरात पाणी किती चढलं, कोण गच्चीवर गेलं, भांडी कशी वाहून गेली. मग त्याला विचारू दे की धरण फुटलं म्हणजे काय झालं, पानशेत कुठे, ते पाणी खाली खडकवासल्याला आलं आणि तिथलं धरण का टिकलं नाही, तिथून मुठेने पेठांत कसं आलं. नकाशावर अंबी नदी शोधू दे, मुठा शोधू दे, लकडी पूल शोधू दे. पूरग्रस्तांसाठी नंतर वसवलेल्या गोखलेनगर, सहकारनगरसारख्या वस्त्या शोधू दे. एखाद्या रविवारी खडकवासल्याला जाऊन या, कर्वेनगरहून काही लांब नाही, आणि पावसाळ्यात विसर्ग सुरू असला की डेक्कनच्या पुलावरून मुठेचं पाणी बघा, ते कुठून आलंय हे त्याला आता माहीत असेल. मग त्याने आजीची गोष्ट स्वतःच्या शब्दांत वहीत लिहायची. यात इतिहास झाला, भूगोल झाला, मराठी लिखाण झालं, आणि हे सगळं ज्या बाईंनी सुरू करून दिलं त्या परत शाळा बरी होती म्हणताना दोनदा विचार करतील. मी त्यांना गप्प करायची युक्ती सांगत नाहीये हां, त्यांची काळजी खरी आहे. मुलं काय करतायत हे त्यांना दिसायला लागलं, आणि त्यातलं काही त्यांच्या हातून होतंय हे कळलं, की काळजी कमी होते.

रोज आजी पण तासभर देऊ शकणार नाहीत, गुडघे दुखतात, पूजा असते, फोन येतात. त्या दिवसांसाठी मीटिंगचा डबा कर. फराळाचा जुना मोठा डबा असतो ना तसला. त्यात अशाच वस्तू ज्या एरवी मिळत नाहीत, घोटीव कागद, कात्री, चिकटपट्टी, पत्त्यांचा कॅट, भिंग, लोहचुंबक, एखादं कोडी घातलेलं पान. विज्ञानाची खेळणी करून दाखवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या साइटवर टाकाऊ वस्तूंपासून करायची शेकडो खेळणी फोटोंसकट आहेत, काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची, स्ट्रॉची, जुन्या वर्तमानपत्राची, आठवड्याला एकाचं सामान त्या डब्यात टाकून ठेव. डबा फक्त मीटिंगला उघडतो, मीटिंग संपली की बंद, हा नियम मात्र कडक पाळ, नाहीतर आठ दिवसांत डब्याची मजा जाते.

टॅब पूर्ण बंद कर असं मी म्हणणार नाही. तुला दुपारी अडीच तास काम करायचंय, ते पगाराचं काम आहे. जेवणानंतर पहिला तास सगळ्यांनी आडवं व्हायचं किंवा आपापल्या कोपऱ्यात पुस्तक, चित्र, लेगो, बोलायचं नाही, मग तासभर टॅब, ठरवलेलं लावून दिलेलं, आणि मग तू लॅपटॉप मिटलास की टॅब पण मिटायचा. एकच खुंटी त्याला. सकाळच्या मीटिंगला टॅब नाही म्हणजे नाही, कारण सकाळी एकदा तो हातात आला की दिवसभर त्याचीच मागणी सुरू राहते, हे तू पाहिलंच आहेस. आणि मधून मधून दुपारी तू पण वीस मिनिटं पड. घरातला सगळ्यात थकलेला माणूस शिकवायला बसतो तेव्हा शिकवणं होत नाही.

आता आठवड्याकडे बघ. तू सगळे विषय रोज बसवलेस, परिसर अभ्यास रोज, इंग्रजी रोज, चित्रकला रोज, म्हणून पाच तास झाले. गणित आणि वाचन रोज, बाकीचं आठवड्यातून एकदा-दोनदा. आणि एक दिवस पूर्ण बाहेर. हा दिवस मी तुला हात जोडून सांगते की काढू नकोस, कितीही अभ्यास मागे पडला असं वाटलं तरी. शाळेतल्या मुलांना पुणे रविवारी गर्दीत बघायला मिळतं, तुझ्या मुलांना ते बुधवारी निवांत मिळू शकतं. नळ स्टॉपला मेट्रोत बसा, जिल्हा न्यायालय स्टेशनला लाइन बदला, मंडईला उतरा. मेट्रोचा नकाशा मोठ्या मुलाने वाचायचा आणि त्यानेच घेऊन जायचं. महात्मा फुले मंडईची जुनी इमारत बघा, भाज्यांचे भाव विचारून लिहून घ्या आणि घराजवळच्या भाजीवाल्याशी तुलना करा. दुसऱ्या वेळी राजा केळकर संग्रहालय, पण सगळं एकदम बघायला जाऊ नका, फक्त दिवे बघायचे आणि घरी यायचं, किंवा फक्त अडकित्ते. कर्वे रोडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, ते तुमच्यापासून जवळच. जंगली महाराज रोडवरची पाताळेश्वर लेणी आठव्या शतकातली आहेत, एकाच खडकात कोरलेली, तिथे बसून मोठ्याला नंदीमंडपाचं चित्र काढू दे. आणि काहीच नाही जमलं तर वेताळ टेकडी आहेच. आत्ता पावसात टेकडीवर इतकं काय काय उगवतं, गोगलगायी, मखमली किडे, धाकटी तासभर एकाच दगडाजवळ बसेल आणि बसू दे तिला.

मिस्टरांचं काय? साडेसातला दमून आलेल्या माणसाला "जरा त्याचं इंग्रजी घ्या" म्हटलं की दोघांचंही होत नाही. त्यांना रोजचं छोटं आणि आठवड्याचं मोठं असं एकेक दे. रोजचं म्हणजे जेवताना मोठ्या मुलाने वहीतलं आजचं पान बाबाला वाचून दाखवायचं, बाबाने फक्त ऐकायचं आणि एक प्रश्न विचारायचा. आठवड्याचं म्हणजे शनिवारी सकाळी दोन-तीन तास मुलं पूर्ण त्यांच्याकडे, सायकलचं पंक्चर, टेकडी, इलेक्ट्रिकचा बोर्ड उघडून दाखवणं (मेन स्विच बंद करून), जे त्यांना येतं ते. तेव्हा तू घरात नसावंस असं माझं मत आहे. मैत्रिणीकडे जा, नाहीतर नुसतीच एकटी चहा पीत बस.

ही जेवतानाची वही म्हणजे मघाची तुझी खासगी वही नव्हे, ही दुसरी, सगळ्यांची. तू लिहिलंस रात्री वाटतं आज काहीच झालं नाही, त्यावर माझ्याकडे हा एकच उपाय आहे आणि तो चालतो. काय करायचं होतं ते लिहू नकोस, काय झालं ते लिही, दिवा लावल्यावर पाच मिनिटं, मुलांना विचारून. "47 भागिले 6. आजीकडून पुराची गोष्ट. गोगलगायीला शिंगं नसतात, त्या टोकांवर डोळे असतात. ताक घुसळलं." महिन्याने मागे उलटून बघ. यात सासूबाईंचं पण समाधान, आणि पुढे कधी कुठे दाखवायची वेळ आली तर तुमच्याकडे तारखेनिशी नोंद असते.

ती वेळ येईल का, तर कागदोपत्री बाजू थोडक्यात सांगते कारण ती धाकधूक पण तुझ्या टाइमटेबलमध्ये शिरलीये असं मला वाटलं, म्हणून तर तू शाळेचाच ढाचा घरी आणलास. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला, वय 6 ते 14. त्यात पालकांनी मुलांना शाळेत दाखल करणं कर्तव्य म्हटलंय, होमस्कूलिंगचा वेगळा उल्लेख नाही, त्यामुळे ही जागा पूर्ण स्पष्ट नाही हे माहीत असूनच आपण यात उतरतो. पण त्याच कायद्यात शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश द्यायची तरतूद आहे, म्हणजे उद्या परत जावंसं वाटलं तर दार बंद नाही, हे सासूबाईंनाही सांग. पुढे परीक्षांसाठी एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था) मुक्त मूलभूत शिक्षणात ए, बी, सी अशा पातळ्या आहेत, त्या तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या धरतात, आणि 14 पूर्ण झाल्यावर दहावीची परीक्षा त्यांच्याकडून देता येते. आपल्या राज्य मंडळाकडून 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देणारी मुलं तर तुझ्या ओळखीत पण असतील. तुझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. वेळ आहे. नियम त्या त्या वर्षी तपासून घ्यायचे, आत्ता त्यासाठी रोज पाच तास बसवायची गरज नाही.

आणि जे काही बसेल ते वर्षभर तसंच राहील असं धरू नकोस. आत्ता जुलैत कपडे वाळत नाहीत, मुलांना खाली खेळता येत नाही, सगळे घरात एकमेकांच्या अंगावर, तर आत्ता बसून करायचं जरा जास्त चालेल. गणपतीत दहा दिवस गणित ठेवू नकोस, आरत्या पाठ करणं आणि मखर करणं हाच अभ्यास, मखराची मापं मोठ्याला घेऊ दे. दिवाळीत किल्ला. चौथीच्या वयाला शिवाजी महाराजांचा इतिहास आणि दारात मातीचा किल्ला याच्यासारखी दुसरी जोडी नाही, प्रतापगड करायचा ठरवलात तर आधी नकाशा, मग माची-बुरुज कुठे, मग माती, हळीव पेरून हिरवळ, दोन आठवडे सहज जातात. उन्हाळ्यात सकाळी सातला सगळं उरकून टाका. दर पाच-सहा आठवड्यांनी खुंट्या परत बघायच्या, आणि काही नवीन घातलंस तर जुनं एक काढायचं, हे माझ्याकडे पक्कं होतं.

आजारपणं येतील, मीटिंग वाढेल, पाहुणे येतील. अशा दिवसांसाठी तीन गोष्टी ठरवून ठेव, तेवढ्या झाल्या की दिवस झाला. आमच्या होत्या पाच गणितं, एक गोष्ट मोठ्याने आणि एकदा घराबाहेर पडणं. तुझ्या वेगळ्या असतील.

आणि ते लॅमिनेट केलेलं टाइमटेबल फाडून टाकू नकोस. उलटं कर. मागची बाजू कोरी असेल, त्यावर व्हाइटबोर्डच्या मार्करने लिहिता येतं आणि ओल्या फडक्याने पुसता येतं. रोज रात्री मोठ्यालाच विचारून उद्याच्या तीन गोष्टी त्यावर लिहायच्या, त्याच्याच अक्षरात. पण हे वहीचा आठवडा झाल्यावर. या सोमवारपासून फक्त बघायचं आणि लिहायचं, आणि त्यानंतर धाकटीला आधी घेऊन बसायला लागलीस की वह्या ओढणं थांबतंय का ते मला नक्की कळव, मी वाट बघते.